डाव्या टोकाला लाल

नानांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नव्हता. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पॅनलच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काम केलं. ही गोष्ट तिथे दोघांना माहीत होती, त्यांना आणि मला. मला ती त्यांच्या शेवटच्या सहा वर्षांत माहीत होती.

पॅनल म्हणजे कारखान्यातल्या मोटारी चालू-बंद करणारी आणि त्यांना सांभाळणारी लोखंडी पेटी. आत पत्र्याची एक प्लेट असते. तिच्यावर स्विच, कॉन्टॅक्टर, रिले, टायमर, टर्मिनल असं सगळं बसवायचं, मधून प्लास्टिकचे चॅनेल न्यायचे आणि चॅनेलमधून वायरी. कोणती वस्तू प्लेटवर कुठे बसेल हे ठरवण्याला लेआउट म्हणतात. आमच्याकडे लेआउट नाना करत आणि महत्त्वाच्या पॅनलचं वायरिंगही तेच करत. मी टेस्टिंगला होतो. तयार पॅनल तपासायचा आणि कागदावर सही करायची, एवढं माझं काम.

या धंद्यात वायरींचे रंग शोभेसाठी नसतात. लाल, पिवळी आणि निळी या तीन वायरींत करंट असतो, त्यांना फेज म्हणतात. काळी न्यूट्रलची. हिरवी अर्थिंगची, ती पेटीच्या पत्र्याला जोडलेली असते. हिरव्या वायरीला हात लावताना वायरमन विचार करत नाही. ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याला कुठलाही कारखाना वायरिंगला ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. नानांना हे मान्य होतं. तरी बावीस वर्षं त्यांनी ते लपवलं, आणि शेवटचा पॅनल सोडला तर त्यांच्या हातून एकही वायर चुकीच्या रंगाची गेली नाही.

त्यांच्या कामाची पद्धत पाहून बाहेरच्या माणसाला हसू यायचं. नवीन काम आलं की पत्र्याचं काम करणारे रफिकभाई कोरी प्लेट लोखंडी घोडीवर आडवी ठेवून जात. नाना तिच्यासमोर स्टूल घेऊन बसत. हातात काही नाही. तासभर, कधी दोन तास. प्लेटवरून माशी गेली तर तिच्याकडेही बघत.

"नाना, प्लेट उबवताय का?" रफिकभाई विचारत. "पिल्लू कधी निघणार?"

"तू आधी कोपऱ्याची धार घास," नाना मान न वळवता म्हणत. "पिल्लाचा पाय कापेल."

मग पिशवी उघडायची. पिशवीत मिठाईच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे असत, प्रत्येकावर पेनाने वस्तूचं नाव. कॉन्टॅक्टरचा पुठ्ठा, रिलेचा पुठ्ठा, ट्रान्सफॉर्मरचा पुठ्ठा. नाना ते प्लेटवर मांडत, उचलत, पुन्हा मांडत. प्रत्येक पुठ्ठा खऱ्या वस्तूपेक्षा दीड-दोन बोटं मोठा होता. मी एकदा कंपनीचं पुस्तक उघडून माप दाखवलं, तर म्हणाले, "वस्तू केवढी ते पुस्तकात असतं. ती काढायला हात किती लागतो ते नसतं."

याच दोन बोटांवरून त्यांचं मालकांशी भांडण व्हायचं. मालक इंजिनिअर होते, नानांहून पंधराएक वर्षांनी लहान. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंना पेटी लहान हवी असे, नानांची पेटी नेहमी एक माप मोठी निघे. खाली उजवीकडचा कोपरा तर ते कायम रिकामा सोडत.

"नाना, इथे अजून दोन रिले बसतात," भाऊ म्हणायचे.

"बसतात."

"मग?"

"हा डबा कुणीतरी मे महिन्यात उघडणार आहे, भाऊ. तो घाईत असेल. घाम डोळ्यात जात असेल. मागे गिरणीचा मालक उभा असेल. त्याला हात घालायला जागा पाहिजे."

जळगावचा मे महिना माहीत असल्याने भाऊ पुढे बोलत नसत.

एरंडोलजवळच्या कापसाच्या एका जिनिंगच्या कामाला ते स्वतः एसटीने जाऊन पेटी लागणार ती भिंत पाहून आले होते. कुणी पाठवलं नव्हतं, रजा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लेटवरचे पुठ्ठे सगळे उचलले आणि डावी-उजवी बाजू सोडून वर-खाली सगळं बदललं. दुपारी तीननंतर त्या भिंतीवर ऊन येतं, एवढंच कारण सांगितलं.

डावी-उजवी बाजू मात्र ते कधीच बदलत नसत. पॉवर, म्हणजे मोटारीला करंट नेणाऱ्या वायरी, डावीकडे; कंट्रोल, म्हणजे चालू-बंदचा हुकूम नेणाऱ्या, उजवीकडे. दोघांचा चॅनेल वेगळा. तीन फेज डावीकडून उजवीकडे एकाच क्रमाने, मग ते मुख्य स्विचवर असोत की शेवटच्या टर्मिनलवर. अर्थिंगची पट्टी तळाला, उजव्या बाजूला. दारावर चालूचा दिवा डावीकडे, ट्रिपचा, म्हणजे बिघाड होऊन मोटार बंद पडल्याचा, उजवीकडे. ड्रॉइंगमध्ये वेगळं असलं तर ड्रॉइंग बदलेपर्यंत नाना पुठ्ठा हलवत नसत. वायर कापायच्या आधी तिच्या टोकाला नंबराची छोटी नळी, म्हणजे फेरूल, चढवायची हाही त्यांचा नियम. बाकीचे वायर कापून, जोडून, शेवटी नंबर घालत. नंबर नसलेला वायरीचा तुकडा नानांच्या टेबलावर कधी दिसला नाही.

वायरिंग संपलं की ते पेटीसमोर उभे राहत, डोळे मिटत आणि एकेका वस्तूवर हात ठेवून तिचं नाव घेत. मुख्य स्विच. पहिला कॉन्टॅक्टर. त्याचा रिले. नवीन माणसांना वाटे की ही काहीतरी पूजा आहे. नाना बौद्ध होते. एकाने विचारलंही, "नाना, तुमच्यात असं करतात का?" नाना म्हणाले, "आमच्यात डोळे उघडे ठेवतात. हे पॅनलपुरतं."

कपडे कायम पांढरे. शर्ट पांढरा, पँट पांढरी, हिवाळ्यातला स्वेटरही पांढरा. पॅनलच्या कारखान्यात पांढरं घालणारा माणूस वेडा. रफिकभाई म्हणत, "नाना, फॉर्म कधी भरताय? आमच्या वॉर्डातून उभे राहा." नाना हात जोडून दाखवत आणि सगळे हसत. पांढऱ्या कपड्यांत कशावर काय घालायचं हे ठरवावं लागत नाही, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

मला कळलं ते दारावरच्या दिव्यांमुळे. एका डाळमिलच्या मालकाला ट्रिपचा लाल दिवा डावीकडे हवा होता. फोन मला आला होता, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत दिवे परस्पर बदलले. दुपारी टेस्टिंग सुरू केलं. मी मुद्दाम रिले ट्रिप केला. डावा दिवा लागला, लाल.

नाना दारासमोर उभे होते. म्हणाले, "चालू झाली."

मला वाटलं ते गंमत करताहेत. "नाना, लाल लागलाय."

ते दिव्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. रफिकभाईंना त्यांनी चहा सांगायला पाठवलं. ते गेल्यावर म्हणाले, "माले दोन्ही सारखाच दिखतस."

तोपर्यंत कारखान्यात ते माझ्याशी शहरी मराठीतच बोलत. मी भडगावचा, त्यामुळे खानदेशी मला परकी नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दोघेच असलो की ते खानदेशीत बोलू लागले.

चहा येईपर्यंत त्यांनी सांगितलं ते असं. एकोणिसाव्या वर्षी रेल्वेची भरती होती. लेखी परीक्षा पास झाले. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि पानावरचा आकडा वाचायला सांगितलं. नानांनी विचारलं, कुठे आहे आकडा? मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. त्या दिवसापर्यंत त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. पुढे मामाबरोबर घरांच्या वायरिंगला जायला लागले. मामालाही सांगितलं नाही. कोणती वायर कुठल्या बंडलातून आली, कुठल्या बाजूने गेली, हे लक्षात ठेवायला शिकले. रंगाचं काम जागेवर टाकलं.

"मन्हं बठ्ठं जागावर शे," ते म्हणाले. माझं सगळं जागेवर आहे. "जागा हालनी नही, त मी चुकस नही. कोनले सांगू नको."

मी म्हटलं, नाही सांगणार.

त्यानंतर मी आठवून पाहिलं. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून एकाही रंगाचं नाव ऐकलं नव्हतं. लाल वायरीला ते डावी म्हणत, पिवळीला मधली, निळीला उजवी. अर्थिंगच्या वायरीला पत्र्याची म्हणत. सगळ्यांना ती त्यांच्या बोलण्याची लकब वाटायची आणि नवीन वायरमन तीच उचलायचे. आमच्या कारखान्यात आजही लाल वायरीला डावी म्हणणारे दोघे-तिघे आहेत.

सही माझी होती. म्हणून पुढची दोन वर्षं नानांचा प्रत्येक पॅनल मी आधी रंगासाठी तपासला. चॅनेलची झाकणं काढून, वायर धरून. एकही चूक निघाली नाही. मग मी झाकणं काढणं बंद केलं. काही दिवसांनी बघणंही बंद केलं. तपासणीच्या कागदावर पहिलीच ओळ "वायरचे रंग" अशी होती. नानांचा पॅनल असला की मी तिथे बरोबरची खूण आधी करून ठेवत असे.

सगळं ज्यावर उभं होतं ते वायरींच्या रिळांचं स्टँड नानांच्या टेबलामागे होतं. आडव्या दांड्यावर सहा रिळं. डाव्या टोकाला लाल, मग पिवळं, निळं, काळं, राखाडी आणि उजव्या टोकाला हिरवं. त्यावर पाटी होती : स्टँडला हात लावू नये. एकदा एका नव्या वायरमनने राखाडी रीळ संपल्यावर दुसरं चढवताना क्रम बदलला. नाना पोटात दुखतं म्हणून घरी गेले आणि मी क्रम लावल्याचं कळवल्यावर दुसऱ्या दिवशी आले. स्टँडला रफिकभाई नानांचा देव्हारा म्हणत.

"आमच्या घरात देव्हारा नसतो ना," नाना म्हणत, "म्हणून इथे ठेवलाय."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. सगळं धुवायचं, पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा बांधायच्या. नाना त्या दिवसापासून रजेवर असत. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यासाठी ते दरवर्षी बायकोला घेऊन नागपूरला जात. जाण्याआधी रफिकभाईंना सांगून जात की स्टँड पुसा, पण रिळं काढू नका. दरवर्षी तसंच होई.

त्या वर्षी भाऊंनी सगळे स्टँड रंगवायला काढले. नानांचंही. रिळं उतरवली गेली. रंग वाळल्यावर स्टँड जागेवर आणून ठेवलं आणि भाऊंनी मला हाक मारली, "नानांची रिळं तू लाव रे. तुलाच माहीत आहे त्यांचा क्रम."

मला क्रम पाठ होता. पण स्टँड उलटं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं आणि मी मागच्या बाजूला उभा होतो. मी आधी दोन टोकांची रिळं चढवली. लाल माझ्या डाव्या हाताला, हिरवं उजव्या. मग लक्षात आलं की स्टँड उलटं आहे. तेवढ्यात पूजेला बोलावणं आलं. दोघांनी मिळून स्टँड फिरवलं, टोकाच्या दांड्यांना माळा बांधल्या गेल्या आणि पूजा झाली. पूजेनंतर मी समोरून मधली चार रिळं चढवली, बरोबर क्रमाने. टोकाची दोन रिळं माळांच्या आड होती. ती मी अदलाबदल करून घ्यायला हवी होती. मी ती पाहिली नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना नागपूरहून परत आले आणि थेट कामाला बसले. धुळ्याच्या एका तेलगिरणीचा पॅनल संध्याकाळी जायचा होता. लेआउट आधीच झालेला, वायरिंग बाकी. अर्धे लोक अजून गावाला होते, रफिकभाईही नव्हते. सुकलेल्या माळा अजून स्टँडवर होत्या. नानांनी माळेखाली हात घालून डाव्या टोकाची वायर ओढली, नंबर चढवला, कापली. दिवसभर तसंच केलं. मी मीटर लावून टेस्टिंग केलं. मीटरला रंग कळत नाही. करंट जिथे जायला हवा होता तिथेच जात होता. कागदावरची पहिली खूण आधीच केलेली होती. मी सही केली आणि पेटी टेम्पोत चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलगिरणीच्या वायरमनने केबल जोडण्याआधी दार उघडलं. दार आणि पेटी जोडणारी अर्थिंगची वायर लाल होती. मुख्य स्विचच्या डाव्या फेजवर हिरवी. त्याने फोटो काढून भाऊंच्या मोबाइलवर पाठवला आणि खाली विचारलं की तुमच्याकडे अर्थिंगला करंट देतात का. त्याने आधी दार उघडलं म्हणून कुणाला काही झालं नाही.

भाऊंनी फोटो आधी मला दाखवला. "हे काय आहे?"

मी म्हटलं, बघतो. खाली आलो. नाना नव्या प्लेटवर पुठ्ठे मांडून जेवायला गेले होते. सुकलेल्या माळा काढतोय असं दाखवून मी टोकाची दोन्ही रिळं उतरवली आणि अदलाबदल करून चढवली. दोन मिनिटांचं काम होतं.

दुपारी भाऊंनी आम्हा दोघांना वर बोलावलं. भाऊ चिडखोर नव्हते. त्यांनी नानांना बसायला सांगितलं, फोटो दाखवला, मग टेबलाच्या खणातून वायरीचे दोन तुकडे काढून समोर ठेवले. सारखी लांबी, सारखी जाडी.

"नाना, यातला लाल मला द्या."

नानांनी तुकड्यांकडे पाहिलं. उचलले नाहीत. "नंबर टाका, देतो."

"मी सरळ विचारतोय, नाना."

"मीही सरळच सांगतोय, भाऊ."

खाली कुणीतरी ड्रिल मशीन चालवत होतं. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती वर्षं?"

"जन्मापासून."

भाऊ माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"त्याला कुठून माहीत असणार?" नाना भाऊंना म्हणाले. "मी कुणाला कळू दिलं नाही."

सहीबद्दल भाऊंनी मला विचारलं. मी म्हटलं, घाई होती आणि नानांचं काम होतं. ते म्हणाले, यापुढे बघून कर. माझ्यापुरतं प्रकरण तिथे संपलं.

जिना उतरल्यावर नाना सरळ स्टँडपाशी गेले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून त्यांनी डाव्या टोकाच्या रिळावर हात ठेवला.

"डाव्या टोकले लालच शे ना?"

मी पाहिलं. "लालच शे, नाना."

ते खरं होतं. त्यांनी हात काढून घेतला आणि आपल्या बोटांकडे पाहत उभे राहिले.

पॅनल धुळ्याहून परत आला. मी आणि दुसऱ्या एका वायरमनने दोन दिवसांत वायरी बदलल्या. नंबर सगळे बरोबर होते. एकही वायर चुकीच्या जागी गेलेली नव्हती.

भाऊंनी नानांना काढलं नाही. वायरिंग नको, फक्त लेआउट करा, असं सांगितलं. लेआउटला रंग लागत नाही. नाना अकरा दिवस आले. स्टूलवर बसले, पुठ्ठे मांडले. पण आता गोष्ट सगळ्यांना माहीत होती. एक जण जेवताना हिरवी मिरची दाखवून विचारायचा, "नाना, टोमॅटो घेता का?" त्यावर नाना हसत, कारण न हसणं जास्त कठीण होतं. रफिकभाईंनी त्या माणसाला एकदा दरवाज्याबाहेर नेऊन समजावलं. मिरची बंद झाली, पण नाना आले की बोलणी थांबायला लागली.

मिरचीपेक्षा वाईट गोष्ट प्लेटवर घडली. नाना पॉवर आणि कंट्रोलचे चॅनेल वेगळे काढून गेले होते. एका वायरमनने दोन्ही वायरी एकाच चॅनेलमधून नेल्या. नानांनी विचारल्यावर तो म्हणाला, "नाना, हे नियम तुमच्या डोळ्यांसाठी होते. आम्हाला दिसतंय."

नानांनी त्याच्याशी वाद घातला नाही. बाराव्या दिवशी ते आले नाहीत. पुठ्ठ्यांची पिशवी टेबलाखालीच होती. तो पॅनल पुढे मुक्ताईनगरच्या एका गिरणीत लागला आणि त्यातला ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र, कारण नसताना बंद पडू लागला. तीन फेऱ्या मारल्यावर मी वायरी वेगवेगळ्या चॅनेलमध्ये टाकल्या आणि ड्राइव्ह सुरळीत चालला. कारखान्यात परत आल्यावर मी हे सांगितलं. चॅनेल वेगळे ठेवायचा नियम पुन्हा लागू झाला. तो कुणाचा होता यावर चर्चा झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याला काम निघालं. नाना तिथे मुलीकडे राहतात आणि पारोळा रोडला एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतात, असं रफिकभाईंकडून कळलं होतं. जळालेल्या मोटारींच्या जुन्या तारा काढून नव्या गुंडाळायच्या, ते काम. मोटारीच्या तांब्याच्या तारेला एकच रंग असतो. मी काम दुपारीच उरकलं. एसटीला दीड तास होता. दोन गोष्टी सांगायच्या असं ठरवून मी दुकान शोधलं : रिळं मी लावली होती, आणि फोटो आल्यावर मीच ती बदलली.

दुकान पत्र्याचं होतं, दारात जळक्या मोटारींचा ढीग. नाना आत हातमशीनवर गुंडाळी करत होते. पांढरा शर्ट, आता काखेत विरलेला. मशीनवर फेऱ्यांचा आकडा दिसत होता, तरी ते तोंडाने मोजत होते. मी दिसलो तसा त्यांनी एक हात वर केला, थांब म्हणून. मोजणं थांबलं नाही.

"बोलू नका त्यांच्याशी," दुकानदार म्हणाला. "एक फेरा चुकला तर सगळं उकलून परत पहिल्यापासून घेतात. मी सांगतो, नाना, मशीनला आकडा आहे. ऐकतच नाहीत."

गुंडाळी झाली. नानांनी ती दोऱ्याने बांधून बाजूला ठेवली. एकाच मोटारीच्या बाकीच्या गुंडाळ्या आधीच ओळीने मांडलेल्या होत्या.

"कवय उना?" त्यांनी विचारलं. कधी आलास.

"सकाळी. इथे एमआयडीसीत काम होतं. म्हटलं भेटून जावं."

"चांगलं करं. पोरं बरी शेत का?"

"बरी आहेत."

"चहा लेस का?"

मी नको म्हटलं. त्यांनी नवी तार मशीनला अडकवली. मग ती तशीच सोडून माझ्याकडे वळले. दुकानदार बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"एक गोट इचारू?" ते म्हणाले. "त्या दिनले स्टँड जागावर व्हतं. तूच सांगं, डाव्या टोकले लाल शे. मंग मन्हा हात कसा चुकना?"

मी दारातल्या मोटारींच्या ढिगाकडे पाहिलं. ते उत्तराची वाट पाहत होते.

"बावीस वरीस चुकना नही," ते म्हणाले. "त्या दिनले दिनभर चुकत राह्यना आनि माले समजनं नही. तवयपास्तीन मी मन्हा हातवर भरोसा ठेवत नही. आठे दुकानमा बी. येक फेरा दोनदा मोजस."

"होतं कधी कधी, नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मशीनचा दांडा धरला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली. मोजत असताना त्यांना काही सांगता येत नव्हतं. ही गुंडाळी संपेपर्यंत थांबायचं आणि मग सांगायचं, असं मी ठरवलं. एसटीला अजून पाऊण तास होता.

चाळीसपर्यंत मी थांबलो. मग दुकानदाराला हात करून निघालो.